एल्विन ब्रेटन हयात असल्याची तक्रार

एल्विन ब्रेटन एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात वारला. वय पंच्याहत्तरच्या आसपास, पत्नी आधीच गेलेली, मागे एक मुलगा. विषय संपला. आता हे झालंच नाही असं धरून पुढे जाऊ, कारण ही बातमी आली तेव्हा एल्विन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून टोस्टला लोणी लावत होता, लोणी फ्रिजमधून नुकतंच काढलेलं असल्यामुळे टोस्टला भोक पडलं होतं, आणि त्याला त्या भोकाचंच जास्त वाईट वाटत होतं.

बातमी कोणी सांगायला आलं नाही. ती त्याची त्यालाच सापडली. रोज सकाळी तो क्लॉडेटचं, म्हणजे त्याच्या गेलेल्या बायकोचं पान उघडायचा. त्या साइटवर जगभरच्या मेलेल्यांची पानं आहेत. प्रत्येकाला एक, कबरीच्या फोटोसकट, आणि खाली आईबाप, नवराबायको, मुलं अशी निळ्या अक्षरांतली नावं. एका नावावर बोट ठेवलं की पुढच्या कबरीवर जाता येतं, आणि असं बोट ठेवत ठेवत माणूस कॉफी गार होईपर्यंत जहाजातून उतरलेल्या पहिल्या ब्रेटनपाशी पोचतो. पण क्लॉडेटचं पान एल्विन पूर्वजांसाठी उघडत नसे. पानावर चित्रातलं फूल ठेवता येतं, सोबत दोन ओळी लिहिता येतात, आणि खाली ठेवणाऱ्याचं नाव येतं. वर्षातून एकदा, मेमध्ये, मातृदिनाला, तिथे लायलकचा एक जांभळा झुबका यायचा. खाली ओळ नसायची, नुसतं 'रोलंड ब्रेटन'. मुलाकडून मिळणारी बातमी म्हणजे एवढीच: की तो आहे, ओहायोत का असेना, आणि त्याला अजून फुलाचं बटण दाबता येतं. आईच्या दफनापासून, म्हणजे दहाएक वर्षं, रोलंड बापाशी बोलला नव्हता. फूल मेमध्येच येतं हे ठाऊक असूनही एल्विन रोज बघायचा. ऑक्टोबरातही बघायचा.

तर त्या सकाळी क्लॉडेटच्या नावाखाली, 'पती' या शब्दापुढे, जिथे आजवर कोरी जागा होती, तिथे निळ्या अक्षरांत त्याचं नाव होतं. त्याने बोट ठेवलं. पान उघडलं. एल्विन आर. ब्रेटन. जन्म १९४९. मृत्यू : अज्ञात. फोटो त्याच्याच शिळेचा होता; करडा ग्रॅनाइट, डाव्या अंगाला क्लॉडेट आणि तिची दोन्ही सालं, उजव्या अंगाला तो, त्याचं जन्मसाल, पुढे एक आडवी रेघ आणि रेघेपुढे नुसता गुळगुळीत दगड. जोडप्याची शिळा अशी एकदमच कोरून घ्यायची पद्धत आहे. राहिलेल्याने अधूनमधून येऊन स्वतःची रेघ बघून जायची. कोरणाऱ्याने तेव्हा विचारलं होतं, "सालातले पहिले दोन आकडे तरी घालून ठेवू का? वीस? पुढचं मग सोपं जातं." एल्विन म्हणाला होता, नको, उगाच आत्तापासून कशाला बांधून घ्या. त्याला वाटलं होतं की आपण विनोद केला. कोरणारा हसला नव्हता. आता फोनवर फोटो काढत कबरींच्या रांगाच्या रांगा चालत जाणारा कोणी हौशी त्या रेघेपाशी आला होता, त्याने फोटो नेब्रास्कातल्या कोणा बाईंना पाठवला होता, आणि बाईंनी नाव, साल, पती, पत्नी असं सगळं भरून त्याला पुरून टाकलं होतं. बाईंनी साइटवर 'प्रेअरीचा गुलाब' असं नाव घेतलं होतं. त्यांच्या नावावर दोन-अडीच लाख पानं होती. एल्विनला सगळ्यात जास्त टोचलं ते हे, की आपण घाऊक मालात गेलो. त्याने स्वतः आयुष्यभर पानं केली, पण एकेक, गुडघे ओले करून, आणि अमेरिकेतून इंग्लंडच्या राजाचं राज्य जायच्या आधी मेलेल्यांचीच.

घरमालकीण दोना इल्दा खालच्या मजल्यावर राहायची. तिचा बाप अझोर्स बेटांवरून आला होता, मासेमारीच्या होडीवर, आणि त्याच्या बापाचं नाव काय हे तिला माहीत नव्हतं व त्यावाचून तिचं कधी अडलंही नव्हतं. ती गोड पावाची चकती घेऊन वर आली तेव्हा एल्विन तिला म्हणाला, "दोना इल्दा, मी मेलोय."

"कधी?"

"तारीख दिलेली नाही."

"मग आज कचऱ्याचे डबे कोण बाहेर काढणार? गुरुवार आहे." तिने खुर्ची ओढली, चष्मा लावला, पडद्यावरचं वाचलं. "शिळा छान आहे हो. माझ्या नवऱ्याच्यापेक्षा उंच दिसते. आणि तुम्ही एवढं तोंड का पाडलंय, ब्रेटन? जन्मभर मेलेल्यांच्या घरात न विचारता शिरलात. एकदा ते तुमच्याकडे आले, तर लगेच एवढं मनाला लावून घ्यायचं?"

"हे मेलेल्यांचं काम नाही. हे नेब्रास्काचं काम आहे."

"एकूण एकच," दोना इल्दा म्हणाली, आणि पावाचा तुकडा त्याच्या पुढ्यात ठेवून, मयताच्या घरी बसतात तशी हात मांडीवर घेऊन, थोडा वेळ बसली.

त्याने बाईंना लिहिलं. उत्तर त्याच दिवशी आलं. 'ब्रेटन कुटुंबाच्या दुःखात मी सहभागी आहे. मयताचे आपण कोण?' त्याने लिहिलं, 'मी स्वतः.' बाईंनी कळवलं, 'स्वतः हे नातं यादीत नाही. जवळचे नातेवाईक म्हणजे आईवडील, पतीपत्नी, मुलं आणि भावंडं.' मग त्याने दोना इल्दाकडून स्वतःचा फोटो काढून घेतला. स्वयंपाकघरात, खिडकीपाशी, हातात त्या दिवसाचं वर्तमानपत्र, तारीख दिसेल असं. ओलिसांचे काढतात तसा. बाईंनी आभार मानले. 'मयताचा हयातीतला फोटो मिळाला की पानाला शोभा येते. लावला आहे. वर्तमानपत्र तेवढं कापलं, कारण त्यात इतर व्यक्ती दिसत होत्या.' आणि खाली : 'मृत्यूबाबत दुरुस्ती करण्यासाठी शिळेवरचा पुरावा लागेल. आपल्याला माहीतच आहे, शिळेवर नाही ते पानावर नाही.' हे त्याला माहीत होतं, कारण ते वाक्य त्याचंच होतं. ऱ्होड आयलंडच्या हौशी मंडळींसाठी त्याने एकदा नियम लिहून दिले होते, पहिला नियम हाच, आणि तो त्याने किती लोकांच्या तोंडावर मारला होता. एका म्हातारीने लिहिलं होतं की माझ्या मोठ्या बहिणीच्या शिळेवरचं साल चुकलंय, ती त्या हिवाळ्यात माझ्या शेजारी झोपत होती, मला आठवतंय. त्याने उत्तर दिलं होतं, कृपया शिळेचा फोटो पाठवावा.

रागावून तो फिरायला गेला आणि रागाने चालताना माणूस जिथे जातो तिथे, म्हणजे काहीच नसलेल्या ठिकाणी, पोचला. एका मोठ्या दुकानाच्या गाड्या लावायच्या जागेत. तिथे मधोमध, कुंपणात, सहा शिळांचं जुनं घरगुती दफनस्थान आहे. शेत गेलं, घर गेलं, रस्ता आला, दुकान आलं, पण कबरी हलवता येत नाहीत म्हणून गाड्या त्यांना वळसा घालतात. कोणीतरी कुंपणाला सामानाची ढकलगाडी टेकवून ठेवली होती. ह्या सहा शिळा त्याने आणि क्लॉडेटने वाचल्या होत्या. जुन्या पाटीच्या दगडावरची अक्षरं समोरच्या उजेडात दिसतच नाहीत. उजेड कडेने, अगदी घासत आला पाहिजे, मग प्रत्येक ओरखड्याला सावली पडते आणि दगड बोलायला लागतो. म्हणून एकाने आरसा धरायचा आणि दुसऱ्याने कॅमेरा. आरसा क्लॉडेट धरायची. न्हाणीघराच्या दाराचा उंच आरसा, तिने स्वतः काढून गाडीत घातलेला. ती वूनसॉकेटची, गिरणीकामगारांच्या घरची, आजी-आजोबा क्वेबेकहून आलेले; रविवारी बहिणींशी फ्रेंचमध्ये भांडायची आणि सोमवारी ब्रेटन घराण्यातल्या कोणा थँकफुल नाहीतर पेशन्स नावाच्या बाईवर ऊन पाडायला उभी राहायची. "जरा डावीकडे," तो म्हणायचा. "अजून. श्वास घेऊ नकोस." ती म्हणायची, "एल्विन, ही माणसं तुला आवडतात कारण ती मेलीत. जिवंत असती तर पहिल्याच जेवणाला तू भांडून उठला असतास." त्याला ते कौतुक वाटायचं. आरशातला उजेड दगडावर थरथरायचा, कारण तिचे हात दुखायचे. हे त्याला नंतर, फोटो पुन्हा बघताना, लक्षात आलं. काही फोटोंत कडेला आरशाचा कोपरा आहे आणि त्यात तिच्या कोटाचं बटण.

तिला आईवडिलांशेजारी, वूनसॉकेटला, पुरायचं होतं. म्हणजे तिने तसं एकदा म्हटलं होतं. एल्विनने जागा घेतली ती ब्रेटनांच्या जुन्या दफनस्थानाला लागून, कारण तिथे नऊ पिढ्या होत्या. रोलंड म्हणाला, "ती आयुष्यभर तुझ्या माणसांवर आरसा धरून उभी होती, पापा. आता तरी तिला तिच्या माणसांत जाऊ दे." एल्विन म्हणाला, तीही ब्रेटनच आहे. मग दफनाचा दिवस. जून, भर दुपार, पाद्री बोलत होता, आणि एल्विनने मान वर केली तर उजेड आला होता. डिलिव्हरन्सच्या शिळेवर. पेलेग ब्रेटनची दुसरी बायको, जिच्या पोटच्या मुलापासून एल्विनची सगळी शाखा निघाली असं तो वीस वर्षं सिद्ध करत होता. शिळा अर्धी खचलेली, शेवाळलेली, पश्चिमेकडे तोंड करून, एका मेपलच्या सावलीत कायमची झाकलेली. आरशानेही तिथे काही झालं नव्हतं. त्या हिवाळ्यात वादळाने मेपलची फांदी पडली होती हे त्याला माहीत नव्हतं. पश्चिमेकडे तोंड असलेल्या दगडावरून ऊन घासत जातं ते फक्त ऐन माध्यान्हीला, थोडाच वेळ. अक्षरं एकेक करून वर येत होती, पाण्यातून यावीत तशी. तो चार पावलं बाजूला गेला, मग आणखी चार. गवतावर गुडघा टेकला. खिशात फोन होताच. मागे दोर सरकल्याचा आवाज आला, शवपेटी खाली जाण्याचा, आणि तो मनात म्हणाला, एवढं एक घेतो आणि येतो. जणू ती गाडीत बसून थांबली होती. शिळेवर लिहिलेलं निघालं ते असं, की डिलिव्हरन्स ही जाबेझ नावाच्या कोणा भलत्याच माणसाची बायको होती. पेलेगला दुसरी बायको नव्हती. एल्विन त्या नऊ पिढ्यांमधला नव्हता. क्लॉडेटला त्याने परक्या लोकांत पुरलं होतं, आणि तिच्या शेजारी स्वतःची रेघ ओढून घेतली होती, तीही परक्या लोकांत. त्याने फोटो साइटवर चढवला. शिळेवर आहे ते पानावर आलंच पाहिजे.

त्याने वळून बघितलं तेव्हा रोलंड त्याच्याकडेच बघत होता. नंतर घरी लोक हॅमचे तुकडे खात असताना त्याने कोट घातला, आणि जिन्यात फक्त विचारलं, "आला का चांगला?" एल्विन म्हणाला, "हो, उजेड फार छान होता."

हे सगळं आठवून काही उपयोग नव्हता. तरी तो मातृदिनापर्यंत आठवत राहिला. त्या रविवारी क्लॉडेटच्या पानावर लायलक आला. खाली नेहमीसारखी ओळ नाही. एल्विनला बरं वाटलं, नेहमीसारखं आणि नेहमीइतकंच. मग सवयीने त्याचं बोट 'पती'वर गेलं आणि स्वतःच्या पानावर त्याला एक फूल दिसलं. पांढरं, साधं, साइट आपण होऊन पुढे करते ते. खाली ओळी होत्या.

'पापा, मला आज कळलं. कसा गेलास, कोणी जवळ होतं का, काहीच लिहिलेलं नाही. त्या बाईच्या शिळेचा फोटो मी नंतर पाहिला. बऱ्याच वेळा पाहिला. उजेड खरंच चांगला होता. रोलंड.'

त्याने ते वाचलं आणि सर्वांत आधी त्याला आपण मेल्याचं दुःख झालं. म्हणजे रोलंडचा बाप गेला याचं. खिडकीत ऊन होतं, खाली कोणीतरी मुलांना चर्चला न्यायला हाका मारत होतं, आणि एल्विन ब्रेटन आपल्या मयताला आलेल्या एकुलत्या एक माणसासमोर बसून होता. आपण उठून त्याला पाणी तरी विचारायला हवं, असं त्याला वाटलं. मग त्याने बाईंना घाईघाईने कळवलं की माझी तक्रार मागे घेतो. मी मयत आहे ते योग्यच आहे, पान तसंच असू द्यावं. बाईंनी लिहिलं, 'शोकातून सावरत असल्याचं पाहून आनंद झाला.' त्यानंतरचे काही दिवस फार चांगले गेले. तो जिन्यातून उतरताना कठड्याला हात न लावता उतरायचा. त्याने कॉफी-सिरप घातलेलं दूध प्यायलं, जे डॉक्टरने बंद केलं होतं. मेलेल्याला साखर काय करणार. दिवसातून कितीतरी वेळा तो पान उघडून ते फूल जागेवर आहे ना बघायचा. 'कोणी जवळ होतं का' ह्या चार शब्दांवर तो रेंगाळायचा. त्यांना उत्तर द्यायचं तर मोठं अवघड होतं, पण प्रश्न होता. दहा वर्षांनी त्याच्याबद्दल कोणी काही विचारलं होतं.

दोना इल्दाने ओळी वाचल्या आणि चष्मा काढून पुसला. "फोन करा त्याला."

"काय सांगू?"

"मेलो नाही म्हणून सांगा. आणखी काय?"

"त्याला वाईट वाटेल."

"ब्रेटन, तुमच्यासारखा येडा मनुष्य मी दोन्ही किनाऱ्यांवर बघितला नाही. पोरगं रडतंय तिकडे! तुम्ही जिवंत आहात हे ऐकून त्याला वाईट वाटेल?"

"वाटू शकतं," एल्विन म्हणाला.

"दाबा," ती म्हणाली, आणि फोन त्याच्या हातात दिला आणि खुर्चीत अशी बसली की उठणार नाही. मग त्यालाही वाटलं, की खरंच. उजेड चांगला होता असं म्हणणारा मुलगा. असं म्हटल्यावर मग राहिलंच काय? त्याच्या डोक्यात रोलंड विमानाने येत होता, जिन्यात उभा होता, कोट काढत होता. नंबर फोनमध्ये होता, इतकी वर्षं न दाबलेला. त्याने दाबला.

"कोण बोलतंय?" रोलंडचा आवाज जाड झाला होता. "हॅलो? हा फोन तुमच्या हातात कसा आला? हा माझ्या वडिलांचा फोन आहे."

"रोलंड. मीच."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो कोणीतरी बंद केला.

"मी आहे," एल्विन म्हणाला. "म्हणजे, गेलो नाही. चूक झाली. शिळेवर रेघ आहे ना, तिच्यामुळे एका बाईने—"

"तू आहेस."

"हो. तुझं फूल मिळालं. फार... रोलंड, तू जे लिहिलंस—"

"थांब." मग बराच वेळ कळफलकाचा आवाज. "त्या पानावर फोटो आहे. आपल्या स्वयंपाकघरातला. तो कोणी दिला तिला?"

"मी," एल्विन म्हणाला.

"तू."

"हो, पण तो मी जिवंत आहे हे दाखवायला—"

"स्वतःच्या मृत्यूच्या पानाला तू स्वतः फोटो दिलास." रोलंड हसला. ते हसणं एल्विनला ओळखीचं वाटलं. क्लॉडेट असं हसायची, आरसा खाली ठेवताना. "मला आधीच कळायला हवं होतं. दुसऱ्या कोणाला असलं सुचेल? म्हटलंस, पोरगं येत नाही, बोलत नाही, तर मरून बघू या. आलं!"

"नाही रे. मी तक्रार केली होती. विचार त्या बाईंना. मी जिवंत आहे म्हणून लेखी तक्रार केली होती."

"मग आहे का ती?"

"मागे घेतली," एल्विन म्हणाला. खोटं बोलायची बुद्धी त्याला ह्या वेळेलाही झाली नाही. "तुझं फूल आलं म्हणून मागे घेतली."

दोना इल्दा हाताने खुणावत होती, बोला, बोला, काहीतरी बोला. एल्विन म्हणाला, "तू लिहिलंस की उजेड खरंच—"

"ते मी मेलेल्या माणसाला लिहिलं होतं, पापा. जिवंत माणसाला मी तसं लिहिलं नसतं." ह्यात राग नव्हता, एखादा पत्ता सांगावा तसं तो म्हणाला. "सोमवारी कचेरीतून अर्धा दिवस सुट्टी काढून गाडीत बसून रडलो मी. आता ते कुठे ठेवू, सांग." आणि मग, "काळजी घे." फोन बंद झाला.

"काय म्हणाला?" दोना इल्दाने विचारलं.

"काळजी घे म्हणाला."

"बघा! मी सांगत नव्हते?"

ती खाली गेल्यावर त्याने पान उघडलं. फूल होतं. त्याने डोळे मिटले, पान पुन्हा उघडलं, तर जिथे फूल होतं तिथे साइट लिहीत होती, 'पहिलं फूल आपण ठेवा.' संध्याकाळपर्यंत बाईंचं पत्र आलं, हळहळ व्यक्त करणारं. मयताच्या मुलाने, म्हणजे यादीत बसणाऱ्या नातेवाईकाने, वडील हयात असल्याचं कळवलं होतं, आणि मुलाचा शब्द शिळेच्या खालोखाल धरला जातो. पान काढून टाकलं होतं. क्लॉडेटच्या नावाखाली, 'पती'पुढे, जागा पुन्हा कोरी होती. बाईंनी लिहिलं होतं, 'आपण हयात आहात याचा मला अतिशय आनंद आहे,' आणि एल्विनला कळत होतं की साऱ्या देशात आज एवढंच एक माणूस तसं म्हणत आहे, आणि तेही सगळ्यांना पाठवायच्या ठरावीक मजकुरातून. पुढच्या मेमध्ये लायलक येईल की नाही, याचाही आता भरवसा नव्हता. तो तरी कशाला येईल? कोण रोज येऊन बघतंय, हे आता रोलंडला माहीत झालं होतं.

मग त्याने साइटच्या मुख्य कचेरीला लिहायची चौकट उघडली. आयुष्यभर त्याने लोकांच्या विनंत्या नियमांवर बोट ठेवून परत पाठवल्या होत्या, त्यामुळे विनंती कशी लिहावी हे त्याला पाठ होतं.

'विषय : एल्विन आर. ब्रेटन (जन्म १९४९) यांचे काढून टाकलेले पान पूर्ववत करणेबाबत.

महोदय,

उपरोक्त पान अर्जदार हयात असल्याच्या कारणावरून रद्द करण्यात आले आहे. सदर कारण खरे असले तरी ते शिळेवर कोठेही नमूद नाही, हे कृपया ध्यानात घ्यावे. अर्जदाराची मयत राहण्यास कोणतीही हरकत नाही. तरी सदर पान होते तसे उघडून त्यावरील पांढरे फूल, ठेवणाऱ्याने लिहिलेल्या ओळींसह, मूळ जागी ठेवण्यात यावे. दूरध्वनीवर झालेले संभाषण रद्द समजण्यात यावे. आणि फूल ठेवणाऱ्या इसमास जे कळले आहे ते त्यास न कळल्याप्रमाणे करून मिळावे, ही विनंती.'